गाळलेली जागा

माणसाने रोज ........ पेले पाणी प्यावे.
शेजारचा भूमेश वही घेऊन उंबऱ्यात बसलाय,
पेन्सिलीचं बूड चावतोय.
‘काका, किती लिहू?’

थांब की जरा.
विचारलंस तेही कुणाला!

तो कोनाड्यातला पेला बघ, झाकण घातलेला.
त्याच्यावर बॉलपेननं रेघा मारल्यात,
खोकल्याच्या बाटलीवर असतात तशा.
सकाळच्या गोळ्यांना एक रेघ, चहाच्या दोन,
आमटी पातळ झाली तर तीही त्यातच धरायची.
दिवसाला पाऊण लिटर, संपला विषय.
मंगळवारी न् शुक्रवारी मशीनवर जातो,
तिथली पोरगी काट्यावर उभं करून रागावते,
‘गड्डमकाका, अडीच किलो पाणी आणलंत!’
सगळं सोलापूर घागरी घेऊन पळतंय
आणि पाणी जास्त झालं ते माझ्यात.

आमच्या गल्लीत पाणी, नीळ्ळु, नीरु
अशा तीन हाकांना एकच टँकर येतो.
नळ पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
मोटारी गुरगुरायला लागल्या की कळतं.
पिंप, बादल्या, कुकर, दुधाची किटली,
सगळं भरून झालं तरी मी
पाइपाच्या तोंडाशी हात धरून बसतो.
हाताला कुणी मोजत नाही.

पस्तीस वर्षं टॉवेल विणले मी,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
दोन मागांच्या मधल्या बोळात.
माठापर्यंत गेलं की मागं धागा तुटायचा,
धागा तुटला की मजुरी.
मग तहान चहावर भागवायची,
नाहीतर उद्यावर.
किती अंगं पुसली असतील माझ्या टॉवेलांनी,
न्हालेली, पोहून आलेली,
लॉजमध्ये एक रात्र राहिलेली.
मी घामानं ओला, तोही जागीच सुकायचा.

आणि अंबुबाईचं उलटं.
तिला मुतखडा.
डॉक्टर म्हणाले, रोज तीन लिटर, थेंब कमी नको.
ही म्हणाली, तीन लिटर म्हणजे आठदा उठायचं,
एका उठण्याला पंधरा विड्या,
मग हजार कधी व्हायच्या ओ?
डॉक्टरांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली.
मागं कोरी होती.

एका माठाला दोन चिठ्ठ्या.
तिचे तीन, माझं पाऊण.
बेरीज कर, दोनानं भाग,
जवळजवळ तुझे आठ पेले होतात की नाही?
सरासरीनं आम्ही दोघं ठणठणीत आहोत.

आधी ती पाठ करून प्यायची,
मला दिसू नये म्हणून.
पण घोट पाठीतूनही ऐकू येतो, भूमेश.
एक दिवस मी म्हटलं, फिर इकडं.
तांब्या उचलला, तिच्या ओठांना लावला.
तिची बोटं पान वळतच होती,
तंबाखू सांडली नाही, दोरा सुटला नाही,
गळा वर-खाली होत राहिला
आणि मी मोजत राहिलो, एक, दोन, सात.
माझ्या तोंडात काय झालं ते विचारू नको.

आता दिवसातून दहादा हाच उद्योग.
ती मोरीकडे गेली की सूप माझ्या मांडीवर.
माझ्या विड्या जाड होतात, कारखान्यात छाट निघते,
ती शिव्या देते, तेलुगूत, म्हणजे खऱ्या.
पण दोरा बांधायला मला कुणी शिकवावं लागत नाही.
धागा एवढंच तर येतं.

परवा तिनं टॉवेलाचं टोक भिजवून
माझ्या ओठांवरून फिरवलं.
मी म्हटलं, ही रेघ कशात धरायची?
म्हणाली, गप बसा.

तू आठ लिही.
मार्क कशाला घालवतोस.
फक्त पेनानं नको, पेन्सिलीनंच लिही.
आणि जाताना दार लोटून घे रे,
झळ येतीय.